भर दुपारी उघडलेलं पेव

१

महिन्यातून एकदा हरिपूरला जायचं आणि जमिनीवर टाच आपटत फिरायचं, ही माझी नोकरी होती. पदाचं नाव मात्र भारदस्त: माल तपासनीस, श्रीसंगम हळद कंपनी लिमिटेड, सांगली. माझी बायको शरयू मला 'टाचेचे तपासनीस' म्हणायची आणि वहाणा लवकर झिजतात म्हणून कुरकुरायची.

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड एवढंसं, की एक माणूस कसाबसा उतरेल; आत मात्र खोलीएवढी जागा. हळद ओतायची, वर पाला, मग दगड, मग माती लिंपायची. वर गुरं चरतात आणि खाली हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. अट एकच. पेव उघडलं की हवा लागते, कीड धरते आणि माल लगेच विकावा लागतो. म्हणून भरलेलं पेव कुणी उघडून बघत नाही. वरून टाच मारायची. भरलेलं मुकं लागतं, रिकामं घुमतं. आमचा मुकादम केरबा पुढे चालायचा, टाच मारायचा आणि म्हणायचा, "भरल्यालं हाय." मी मान डोलवायचो. या टाचेवर मोठमोठे व्यवहार होत आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. चैत्राचं ऊन होतं. एका पेवाच्या तोंडावरची माती गाईच्या पायाने खचून मूठभर भोक पडलं होतं. केरबा टाच मारून पुढे गेला होता. मी सहज एक खडा आत टाकला. हळदीवर पडलेला खडा आवाज करत नाही. हा खाली गेला, आपटला आणि गडगडत कुठेतरी जाऊन थांबला.

म्हणजे पेव रिकामं होतं. पण टाच तर मुकी लागली होती. मी भोकाला तोंड लावून "ओ" केलं. रिकाम्या पेवात आवाज फिरून वर येतो. माझा आवाज आत गेला आणि परत आला नाही. खडा म्हणत होता रिकामं, आवाज म्हणत होता भरलेलं.

"साहेब!" केरबा धावत आला. "त्येच्यात बोलू नगा."

"का रे?"

"आमी न्हाई बोलत."

त्याने माती ओढून भोक बुजवलं. बुजवताना तोंड दुसरीकडे फिरवलं होतं आणि हाताने चाचपत तो माती दाबत होता. मला त्याचा राग आला. राग आला की मला भीती वाटत नाही, हा माझा स्वभावच आहे.

२

मी देवाला हात जोडतो ते शरयूला बरं वाटावं म्हणून. त्यामुळे आवाज का परतला नाही, याचं कारण मी घरी पोचेपर्यंत शोधून काढलं. तळाशी पाला असणार, पाला आवाज पितो. पाल्यावर खडा गडगडत नाही, हे मला जेवताना आठवलं आणि घास हातातच राहिला.

पुढे केरबाला न सांगता मी एकटाच गेलो. पहारीने माती टोकरायची, खडा टाकायचा, भोक बुजवायचं. जिथे टाकला तिथे तो गडगडला. प्रकार उघड होता. कंपनीच्या दप्तरी पेवं हळदीने भरलेली, जमिनीखाली ठणठणाट, आणि त्या भरलेल्या पेवांच्या जोरावर अक्षय्य तृतीयेला नवे शेअर विकायला निघणार होते. घेणारे कोण? लढाईवरून परतलेले शिपाई, मास्तर, विधवा.

त्या विधवांपैकी एक वाईला राहायची. चारुलता, माझी धाकटी बहीण. कंपनीने तिला घराच्या बदल्यात शेअर द्यायचं कबूल केलं होतं आणि कंपनीत भाऊ आहे म्हणून ती निर्धास्त होती. नवऱ्यामागे त्या घराशिवाय तिला काही उरलं नव्हतं. ते गेलं की तिला डोकं टेकायला जागा नव्हती, आणि ते वाचवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

राहीबाई पेवांची तोंडं लिंपायची. एका दुपारी तिने मला पहारीसकट गाठलं.

"आवं साहेब, हितं एकलं फिरू नगासा."

"पेवं रिकामी आहेत, राहीबाई. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हळद न्हाई, येवडं ठावं हाय." तिने हातातला शेणमातीचा गोळा खाली ठेवला. "पर रिकामी कशी म्हनू? गाईनं खचवल्याल्या त्या कडंच्या पेवाजवळ मी लिंपाया बसत न्हाई. आत कुनीतरी शिव्या देतंय."

"शिव्या?"

"लय वंगाळ. शिकल्याल्या मानसावानी. मदीच इंग्रजी."

मला हसू आलं. इंग्रजीत शिव्या देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. मधू, माझ्याआधीचा तपासनीस. पण तो साताऱ्याला स्वतःच्या घरी सुखरूप होता, आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच निघालो होतो.

३

मधूने वर्षापूर्वी हीच ओरड केली होती. कंपनीचे मॅनेजिंग एजंट मानसिंगराव यांच्या तोंडावर तो म्हणाला होता की पेवं रिकामी आहेत. मानसिंगरावांनी त्याच्यासाठी एक पेव उघडलं. मधूने आत पाहिलं, चूक कबूल केली आणि नोकरी सोडली. आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला: पैसे खाल्ले.

हा मधू म्हणजे टांगेवाल्याशी भांडून झालं की घोड्याशी भांडणारा माणूस. साताऱ्याला तो ओटीवर बसला होता. मला बघून हसला. "ये, गोपाळकृष्ण," म्हणाला. जन्मभर त्याने मला गोप्या म्हटलं होतं.

"भरलेलं होतं," तो म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

मग माझा तोल गेला. लाचखाऊ म्हणालो, विकला गेलास म्हणालो, त्याच्या बापाचाही उद्धार केला. जुन्या मधूने तांब्या फेकून मारला असता. हा मान हलवत ऐकत राहिला, आणि मी दम खायला थांबलो तेव्हा पुन्हा म्हणाला, "भरलेलं होतं." मला चहा गोड लागेना.

त्याची बायको शालूवहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आली. "भावजी, पैसे खाल्ले असते तरी चाललं असतं हो," ती म्हणाली. "घरात मिठाला महाग झालोय आम्ही."

"मग असा का झालाय हा?"

"बाहेरून आले की उंबऱ्याशी थांबतात. स्वतःच्या घरात. 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. दुपारभर उन्हात उभे होते. हसत." तिने पदर तोंडाशी धरला. "पहिल्या दिवशी मी 'या' का म्हटलं, असं वाटतं."

परतीच्या सर्व्हिस मोटारीत मला एका जागी बसवेना. अपराधाची टोचणी लागली की माणूस असा होतो, मी स्वतःला समजावलं. शेजारच्या पागोटेवाल्याने दोनदा विचारलं, "पावनं, पोटात दुकतंय का?"

४

अक्षय्य तृतीयेच्या आधी चारू सांगलीला आली. भाजीवालीने एक वांगं जास्त दिलं तरी ते उलटसुलट करून बघणारी ही बाई. प्रश्नाला उत्तर म्हणून ती दुसरा प्रश्न विचारायची. तिच्या नवऱ्याचे त्यामुळे फार हाल झाले होते.

"चारू, घर देऊ नकोस. पेवं रिकामी आहेत."

"तुझा तो मधूसुद्धा असंच म्हणत होता ना? आणि मग?"

"तो विकला गेला."

"आणि तू नाही गेलास, कारण तुला कुणी भावच विचारला नाही. होय की नाही गं वहिनी?"

दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो, पण मग ती पदराचं टोक मुठीत आवळून बसली. काळजी वाटली की ती लहानपणापासून असंच करायची.

"दादा, त्या घराची कौलं फुटलीत. एकटीने मला ते सांभाळवत नाही. शेअर घेऊ नको म्हणतोस, तर मी खाऊ काय? आणि कंपनी खोटी असेल तर दाखव ना. नुसती बोंब कशाला?"

"दाखवतो. भर सभेत पेव उघडायला लावतो. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मगच ठरव."

स्वतःच्या डोळ्यांनी बघ, हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो होतो. चारूला ते पटलं.

सभेपर्यंत मला चैन नव्हतं. ओसरीवर येरझारा घालायचो. एकदा पाण्याच्या रिकाम्या तांब्यात तोंड घालून "ओ" केलं. तांब्याने माझा आवाज परत दिला तेव्हा कुठे बरं वाटलं. शरयू दारातून बघत होती. तिने येऊन तो तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

५

सभा हरिपूरलाच, पेवांच्या रानात मांडव घालून भरली होती. मानसिंगराव आष्ट्याकडचे, उसाच्या मोठ्या घरचे. लढाईत लष्कराला माल पुरवून वर आलेले. बोलणं मऊ. त्यांचं भाषण चालू असतानाच मी उठलो आणि जे होतं ते बोललो. पेवं रिकामी आहेत. शेअर घेऊ नका. एक तरी पेव उघडून दाखवा.

मला वाटलं, आता हे मला हाकलतील.

"साहेब म्हनत्यात तर उघडू या की," मानसिंगराव म्हणाले. "कंचं उघडू, त्ये तुमीच सांगा."

मी खडा टाकलेलं पहिलं पेव दाखवलं. ते जरासे हसले, ते मला आवडलं नाही. पण मागे फिरायचं कसं? मला जे हवं होतं तेच तर होत होतं.

केरबाच्या माणसांनी माती काढून दगड सरकवला. सरकवताना सगळे आभाळाकडे बघत होते. राहीबाई पाठ करून बसली होती. दोरीला कंदील बांधून आत सोडला, तो विझला. म्हणजे आत वाईट हवा होती, उतरायची सोय नव्हती. काठावरून वाकूनच बघायचं. सूर्य डोक्यावर होता, त्यामुळे ऊन सरळ तळापर्यंत जात होतं.

ब्रह्मदेशच्या लढाईवरून आलेला एक सुभेदार पहिला पुढे झाला. "बगू तरी, काय हाय त्ये," म्हणत गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. थोडा वेळ तसाच राहिला. मग ताठ झाला.

"भरलेलं आहे," तो म्हणाला.

आत्ता 'बगू' आणि 'हाय' म्हणणारा माणूस. मी चमकलो. मग पाटणचे एक मास्तर वाकले. ते सकाळपासून माझ्या बाजूने कंपनीला नावं ठेवत होते. "भरलेलं आहे." मग एक म्हातारा, मग त्याचा मुलगा. वाकताना कपाळाला आठ्या, उठताना चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखं गुळगुळीत. शब्द तेच, आवाजाची पट्टी तीच.

"अहो, नीट बघा!" मी ओरडलो. तेवढ्यात मला दिसलं की चारू रांगेत पुढे पोचली आहे.

"चारू, थांब! बघू नकोस!"

का नको, ते मला सांगता आलं नसतं. ती वळून हसली, आता हाच नको म्हणतोय, असं. आणि वाकली. मी माणसं लोटत पुढे सरकलो. तिच्या मुठीत पदराचं टोक आवळलेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ती मूठ हळूहळू सुटली.

ती उठली. "भरलेलं आहे, दादा."

मी तिला बाजूला सारून पेवाकडे वळलो. आता मी बघणार होतो. काठ एका पावलावर असताना खालून हाक आली.

"दादा!"

मी मागे बघितलं. चारू माझ्याकडे बघून हसत उभी होती. ओठ मिटलेले होते.

"दादा, अरे दादा!" पुन्हा खालून.

मी तिथेच खाली बसलो. मानसिंगराव कुणाला तरी म्हणाले, "साहेबास्नी ऊन लागलं. सावलीत न्या." मला उचलून चिंचेखाली नेलं. पेवावर दगड सरकवल्याचा आवाज आला. मांडवात चारू घराच्या कागदावर सही करत होती. मला रडू आवरेना, आणि लोक म्हणत होते की माणूस खोटा पडला म्हणून रडतोय.

६

घरी आलो तेव्हा चारू उंबऱ्याशी थांबली.

शरयू आतून हात पुसत आली. मी तिला अडवायला पुढे झालो, पण ती आधीच बोलून गेली. "अहो वन्सं, परक्यासारख्या काय उभ्या? या ना आत," शरयू म्हणाली, आणि चारू आत आली.

मी सगळी कारणं मांडून पाहिली. ऊन लागलं होतं. कान वाजत होते. तिच्या काळजीने मला भास झाला. सकाळी मी तिला समोर बसवलं.

"लहानपणी आडात पडलीस तेव्हा तुला कुणी काढलं?"

"तू काढलंस, दादा."

"आईने मला काय दिलं?"

"मार दिला."

सगळं बरोबर होतं. मी खूप विचारलं आणि तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. तिने मला मात्र एकही प्रश्न विचारला नाही. दारावर भाजीवाली आली. तिने किडकी वांगी दिली, ती चारूने निमूटपणे टोपलीत ठेवली. शरयूने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

चारू दुपारच्या मोटारीने वाईला जाणार होती, घर रिकामं करून द्यायला. ती सामान बांधायला बसली आणि मी पहार उचलून मागच्या दाराने निघालो.

७

हरिपूरच्या रानात चिटपाखरू नव्हतं. पेवाचं लिंपण वरून वाळलं होतं, आतून ओलं होतं. दगडाच्या कडेने पहार घातली आणि मूठभर भोक पाडलं. मग डोळे गच्च मिटले आणि तोंड भोकाशी नेलं.

"चारू."

फार खालून आवाज आला.

"दादा? केवढा उशीर केलास रे?"

मी मातीवर आडवा झालो. मला आनंद झाला, हे खरं सांगतो. तिने मला प्रश्न विचारला होता.

"इथे किती माणसं आहेत," ती म्हणाली. "टेकायला जागा नाही. तो सुभेदार रडतोय. आणि कडेला एक जण सारखा शिव्या देतोय. तुझ्या ओळखीचा आहे का?"

"चारू, मी दोर आणतो. माणसं आणतो."

"माणसं आणू नकोस. ती वाकून बघतील." "दादा, घर दिलं का मी?"

"दिलंस."

"वर मी काय करतेय?"

"सामान बांधतेयस."

ती घाईघाईने म्हणाली, "तू बघितलं नाहीस ना? अजिबात बघू नकोस. तू तरी वर राहा. सांगत राहा सगळ्यांना. ऐकत नसले तरी सांग. कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो. माझ्या नाकात माती जात होती. मी तिला आणखी काही विचारणार, तेवढ्यात माझ्या पाठीवरचं ऊन गेलं. कुणाची तरी सावली पडली होती.

"दादा, ऊन फार आहे," चारूचा आवाज माझ्या मागून आला. तिने माझ्याशेजारी बसून माझ्या मानेवर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ती असाच हात ठेवायची. हात गार होता. "एकदा डोळे उघडून बघ. मग आपण घरी जाऊ."

हात दाबत नव्हता, नुसता होता. किती वेळ मिटून राहणार? पापण्या थरथरल्या आणि निमिषभर उघडल्या. आत उन्हाची एक तिरीप गेली होती. तिच्या टोकाशी, खूप खाली, बांगड्या नसलेला एक हात वर झाला होता आणि नको, नको असा हलत होता. त्याच्यामागे काहीतरी दाटीवाटीने हललं.

मी डोळे मिटले. मी अजून वरच होतो. मानेवरचा हात तसाच होता.

"बघ, दादा," ती प्रेमाने म्हणाली.

खाली चारू रडायला लागली.